सूर्याकडे पाहणारा प्राध्यापक आणि मॉनिटरचा उजेड

जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे प्रा. गुस्ताव थिओडोर फेखनर १८४० च्या सुमारास शिकवणे सोडून घरी बसले. वय चाळिशीच्या आत, नाव झालेले, पण डोळ्यांनी साथ सोडलेली. त्याआधीची काही वर्षे ते एका चमत्कारिक विषयाच्या मागे होते. तेजस्वी वस्तूकडे पाहून नजर बाजूला वळवली की तिचा डाग काही वेळ डोळ्यांपुढे तरंगत राहतो. हा डाग का उमटतो, किती वेळ टिकतो, त्याचे रंग कसे बदलत जातात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. प्रयोगाचे उपकरण म्हणजे स्वतःचे डोळे. त्या डोळ्यांनी ते रंगीत काचांतून सूर्याकडे बघत असत.

फेखनर यांची आठवण होण्याचे निमित्त अगदी आजचे आहे. बाह्यरुग्ण विभागात हल्ली डोळे चुरचुरतात, डोके दुखते म्हणून येणाऱ्या तरुण मंडळींपैकी काहींच्या घरी संगणकाचे नवे ओएलईडी मॉनिटर आलेले असतात. हे पडदे महाग असतात. ब्राइटनेस फार ठेवला आणि तेच चित्र तासन्‌तास राहिले, तर त्या चित्राचा डाग पडद्यावर कायमचा उमटतो, ज्याला ‘बर्न-इन’ म्हणतात, हे खरेदी करतानाच कानावर पडलेले असते. मग प्रश्न येतो, की पडदा असा भाजत असेल तर माझ्या डोळ्यांचे काय? आणि ब्राइटनेस नेमका किती ठेवायचा? या दुसऱ्या प्रश्नामागचे गणित ज्यांनी मांडले, ते हे फेखनर. पहिल्या प्रश्नाची किंमत त्यांनी स्वतःच्या अंगावर मोजली, असे दीडशेहून अधिक वर्षे सांगितले जाते. ते कितपत खरे, याकडे पुढे येऊ.

फेखनर यांचा जन्म १९ एप्रिल १८०१ रोजी ग्रोस-झेर्शेन या खेड्यात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील पाद्री होते, पण नव्या विचारांचे. चर्चच्या मनोऱ्यावर वीजवाहक बसवल्याबद्दल गावाने नाके मुरडली होती, कारण देवाच्या घराला विजेची भीती कसली, असा लोकांचा सवाल. गुस्ताव पाच वर्षांचा असताना वडील वारले आणि मुलांना मामाने काही काळ सांभाळले. १८१७ मध्ये सोळाव्या वर्षी हा मुलगा वैद्यक शिकायला लाइपझिगला आला, तो पुढची सत्तर वर्षे, मरेपर्यंत, त्याच शहरात राहिला.

वैद्यकाच्या परीक्षा १८२२ मध्ये पार पडल्या, पण त्यांनी व्यवसाय केला नाही. त्या काळच्या औषधोपचारावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. आयोडीन हे मूलद्रव्य १८११ मध्ये सापडले होते आणि दहा वर्षांत डॉक्टर मंडळी ते कशावरही देऊ लागली होती. त्यावर वीस वर्षांच्या फेखनर यांनी ‘डॉ. मिझेस’ या टोपणनावाने एक पुस्तिका लिहिली. चंद्र आयोडीनचा बनलेला आहे, हे त्यात शास्त्रीय थाटात सिद्ध करून दाखवले होते. दर काही वर्षांनी एखादे जीवनसत्त्व किंवा पूड सर्व रोगांवर रामबाण म्हणून कशी फिरते, हे पाहणाऱ्या माझ्यासारख्या सरकारी डॉक्टरला ही पुस्तिका आजही जुनी वाटत नाही.

टोपणनावाने विनोद आणि खऱ्या नावाने हमाली, असा त्यांचा पुढचा काळ गेला. हमाली हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. फ्रेंचमधले भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे जाडजूड ग्रंथ त्यांनी जर्मनमध्ये आणले, वर्षाकाठी हजार-दीड हजार पाने. विद्युतप्रवाह मोजण्याचे प्रयोग केले. ओहमच्या नियमाला त्या वेळी फारसे कुणी विचारत नव्हते, त्याला या प्रयोगांचा भक्कम आधार मिळाला. १८३३ मध्ये क्लारा फोल्कमान यांच्याशी लग्न झाले, १८३४ मध्ये प्राध्यापकपद मिळाले. तरी घर चालवायला पैसे कमी पडत, म्हणून आठ खंडांचा एक गृहोपयोगी कोश संपादित करायला घेतला आणि त्याचा मोठा भाग स्वतःच लिहून काढला. हे सगळे मेणबत्तीच्या आणि तेलाच्या दिव्याच्या उजेडात, एवढे लक्षात ठेवा.

याच काळात, १८३८ मध्ये, त्यांनी एका फिरत्या चकतीबद्दल लिहिले. चकतीवर फक्त काळे-पांढरे पट्टे, पण ती ठरावीक वेगाने फिरवली की पाहणाऱ्याला फिकट रंग दिसू लागतात. रंग चकतीवर नसतात, डोळा आणि मेंदू मिळून ते तयार करतात. मग ते तेजाच्या डागांकडे, म्हणजे उत्तरप्रतिमांकडे वळले, आणि सूर्याकडे.

पुढचे आजारपण तीन वर्षे चालले. प्रथम वाचन अशक्य झाले, मग दिवसाचा उजेड सोसेना. रंगीत चष्म्याने भागेना, तेव्हा डोळ्यांवर पट्टी आली. खोलीच्या भिंती काळ्या केल्या गेल्या. त्या खोलीत ते मुखवट्यासारखे आवरण बांधून बसून राहत. त्यानंतर अन्नावरची वासना गेली आणि शरीराचा सापळा झाला. मन एका विचाराला चिकटले की सुटेना. आपल्याला वेड लागणार, अशी धास्ती त्यांना वाटू लागली. त्या काळचे नाना उपचार झाले, पण गुण कशानेच आला नाही. अखेरीस घराच्या ओळखीतल्या एका बाईंना स्वप्न पडले, की आपण फेखनर यांच्यासाठी कच्च्या हॅमचा एक पदार्थ ऱ्हाइन वाइन आणि लिंबाच्या रसात मुरवून करतो आहोत. त्यांनी तो खरोखरच करून आणला. रुग्णाने चाखला, पचला, आणि हळूहळू अंगी बळ येऊ लागले. असे किस्से वैद्यकात बरेच असतात. रुग्ण सुधारू लागण्याच्या सुमारास जे दिले, त्याला श्रेय मिळते. १८४३ च्या ऑक्टोबरात एके दिवशी ते पट्टी काढून बागेत गेले. तीन वर्षांनी दिसलेली फुले त्यांना आतून उजळल्यासारखी भासली. वनस्पतींना आत्मा असतो, असे सांगणारे ‘नाना’ हे त्यांचे १८४८ चे पुस्तक या अनुभवातून निघाले. त्यांची प्राध्यापकाची जागा तोवर दुसऱ्याला दिली गेली होती. विद्यापीठाच्या छोट्या निवृत्तिवेतनावर संसार चालला.

सूर्याने त्यांचे डोळे भाजले, ही गोष्ट पुस्तकांतून पुन्हा पुन्हा सांगितली जाते. मला ती अर्धीच पटते. सूर्याकडे पाहिल्याने दृष्टिपटलाच्या मधोमध इजा होते, हे खरे आहे; ग्रहणानंतर असे रुग्ण नेत्रविभागात येतात. पण त्यांची तक्रार वेगळी असते. नजरेच्या मध्यभागी धूसर किंवा काळा ठिपका दिसतो, अक्षरे वाकडी दिसतात. दुखत नाही, आणि उजेड तीन-तीन वर्षे असह्य होत नाही. अन्न तुटणे, विचारांवर ताबा न राहणे, हे तर दृष्टिपटलाच्या इजेने होतच नाही. अनेक वर्षांचे अतिश्रम, त्यातून आलेले खोल नैराश्य, आणि सूर्याने दुखावलेल्या डोळ्यांभोवती एकवटलेली भीती, असा हा एकत्रित आजार असावा, असे मला वाटते. काळ्या खोलीने तो वाढवला असणार. डोळा अंधाराला सरावला की त्याची संवेदनशीलता हजारो पटींनी वाढते आणि मग साधा उजेडही टोचतो. घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसणाऱ्या रुग्णांना आम्ही तो हळूहळू काढायला सांगतो, ते याचसाठी.

आता मॉनिटरचा उजेड आणि सूर्याचा उजेड यांची तुलना करू. पडद्याची प्रखरता ‘निट’ या एककात मोजतात. घरातल्या मॉनिटरवर साधा पांढरा कागद उघडला तर ती १०० ते २५० निटच्या आसपास असते. भर दुपारच्या सूर्यबिंबाची प्रखरता सुमारे दीड अब्ज निट, म्हणजे अशा पडद्याच्या ६० लाख पट. मॉनिटरने दृष्टिपटल भाजत नाही. डोळे चुरचुरतात त्याची कारणे पडद्यापुढे पापण्यांची उघडझाप कमी होणे, तासन्‌तास एकाच अंतरावर पाहणे, चष्म्याचा नंबर चुकलेला असणे, आणि अंधाऱ्या खोलीत एकटा पडदा झगझगीत ठेवणे ही आहेत. पांढऱ्या पानाकडे पाहून नजर वळवल्यावर दिसणारा डागही काही क्षणांत जातो. प्रकाशाने पेशींतले रंगद्रव्य तात्पुरते फिके पडते, ते शरीर पुन्हा तयार करते.

ओएलईडी पडद्याला ही सोय नाही. त्यातला प्रत्येक बिंदू म्हणजे कार्बनी पदार्थांचे पातळ थर. त्यांतून वीज गेली की ते स्वतःच प्रकाश देतात. मागे वेगळा दिवा नसतो, म्हणून काळा बिंदू म्हणजे चक्क बंद बिंदू, आणि म्हणून या पडद्यावरचा काळा रंग इतका गडद दिसतो. पण जळणारा बिंदू जळता जळता म्हातारा होतो. निळा प्रकाश देणारे पदार्थ सर्वांत लवकर थकतात. संगणकाच्या पडद्यावर खालची पट्टी, कोपऱ्यातले घड्याळ, तक्त्याच्या रेघा रोज आठ-दहा तास एकाच जागी असतात. तिथले बिंदू शेजाऱ्यांपेक्षा आधी मंदावतात आणि एक दिवस चित्रपट पाहताना त्या पट्टीचे भूत मागे दिसू लागते. माझ्या वयाच्या वाचकांना तिकीट खिडकीवरचे जुने काचेचे मॉनिटर आठवतील. बंद केले तरी त्यांवर रकाने वाचता यायचे. रोग तोच, फक्त पदार्थ वेगळा. हे थकणे प्रखरतेबरोबर सरळ प्रमाणात नव्हे, त्याहून वेगाने वाढते. म्हणजे उजेड निम्मा केला तर पडद्याचे आयुष्य दुपटीहून अधिक होते.

उजेड निम्मा केला तर दिसायलाही निम्मे दिसेल का? इथे फेखनर पुन्हा येतात.

२२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी, अंथरुणातच, त्यांना एक कल्पना सुचली. जगातले काही मानसशास्त्रज्ञ आजही हा दिवस ‘फेखनर दिन’ म्हणून पाळतात. मनाला होणारी जाणीव मोजता येईल का, हा त्यांचा जुना ध्यास होता. त्यांचेच एकेकाळचे गुरुजन एर्न्स्ट वेबर यांनी वजनांवर प्रयोग करून दाखवले होते, की फरक जाणवायला ठरावीक ग्रॅम नव्हे, मूळ वजनाचा ठरावीक हिस्सा वाढवावा लागतो. हातात पावशेर साखर असेल तर मूठभर वाढ कळेल. पोते असेल तर कळणार नाही. फेखनर यांनी त्यावर पुढची पायरी रचली. जेमतेम जाणवणारा प्रत्येक फरक हीच जाणिवेची एक पायरी मानली, तर बाहेरची उत्तेजना पटीपटीने वाढते तेव्हा आतली जाणीव एकेका पायरीने वाढते. गणिताच्या भाषेत, जाणीव उत्तेजनेच्या लॉगरिथमच्या प्रमाणात असते.

मग त्यांनी दहा वर्षे मोजमापे केली. डोळे सांभाळून, पण चिकाटी तीच. वजने उचलण्याच्या एका मालिकेत त्यांनी २४,५७६ वेळा निर्णय नोंदवला, की हे जड की ते. उजेडासाठीचा एक प्रयोग तर कुणालाही करता येण्यासारखा आहे. आकाशात शेजारशेजारचे असे दोन ढग निवडायचे, की ज्यांच्यातला फरक अगदी जेमतेम दिसतो. मग डोळ्यांपुढे काळपट काच धरायची. दोन्ही ढग कितीतरी मंद होतात, पण त्यांच्यातला फरक तसाच दिसत राहतो, कारण काचेने दोघांचा उजेड एकाच पटीत घटवला आहे. त्यांचे मेहुणे फोल्कमान यांनी सावल्यांवर प्रयोग करून डोळ्याला उजेडातला सुमारे शंभरावा हिस्सा फरक ओळखता येतो, असे काढले. ताऱ्यांच्या प्रती हाही फेखनर यांचा पुरावा होता. प्राचीन निरीक्षकांनी नुसत्या नजरेने तारे सहा प्रतींत वाटले होते. मोजल्यावर त्या प्रती प्रकाशाच्या ठरावीक पटींवर निघाल्या. पाच प्रतींचा फरक म्हणजे १०० पट प्रकाश, हे प्रमाण १८५६ मध्ये सुचवणारे नॉर्मन पॉगसन पुढे मद्रासच्या वेधशाळेत आले आणि तिथेच वारले. फेखनर यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८६० मध्ये निघाला. मनोभौतिकी या शास्त्राची सुरुवात तिथून मानतात.

हे गणित मॉनिटरला लावून पाहू. शंभरावा हिस्सा ही एक पायरी धरली, तर १ निटपासून २०० निटपर्यंत चढताना सुमारे ५३० पायऱ्या होतात. २०० वरून १०० वर उतरताना त्यांतल्या फक्त ७० जातात. वीज, उष्णता आणि पडद्याची झीज यांत मोठी बचत, आणि जाणिवेत आठव्या हिश्शाच्या आसपास घट. फेखनर यांचा नियम अगदी अचूक नाही, हेही सांगायला हवे. फार मंद आणि फार प्रखर उजेडात तो ढळतो, हे त्यांनाही ठाऊक होते. अमेरिकेतले एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९५७ मध्ये त्याऐवजी घाताचा नियम मांडला. पण त्या हिशोबानेही उजेड निम्मा केल्यावर दिसणारी चमक सुमारे पाचव्या हिश्शानेच कमी होते. शिवाय डोळा पाच-दहा मिनिटांत सरावतो आणि तेवढीही उणीव विसरतो. दुकानात शेजारच्या झगझगीत पडद्याशी तुलना होते, म्हणून तिथे कमी ब्राइटनेस फिका वाटतो. घरात शेजारी दुसरा पडदा नसतो.

म्हणून विचारणाऱ्यांना मी टक्के सांगत नाही. मॉनिटरवर पांढरे पान उघडा, त्याच्या बाजूला त्याच खोलीच्या उजेडात एक कोरा कागद धरा, आणि पडदा कागदाएवढाच पांढरा दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. पडदा दिव्यासारखा दिसत असेल तर जास्त आहे, राखाडी दिसत असेल तर कमी. रात्री खोलीत दिवा लावा. खिडकीकडे तोंड असेल तर पडदा वाढवण्याआधी पडदा ओढा, म्हणजे खिडकीचा. खालची पट्टी आपोआप लपण्यावर ठेवा, भिंतचित्र गडद किंवा बदलते ठेवा, उठून जाताना पडदा पाच मिनिटांत बंद होईल अशी सोय करा. काही तासांच्या वापरानंतर मॉनिटर स्वतःच बिंदूंची दुरुस्ती-फेरी चालवतो. त्या वेळी वीज मुख्य बटणापासून तोडू नका. ही आपल्याकडची काटकसर इथे महागात पडते. पडद्यावर नुकताच उमटलेला फिकट डाग बहुधा या फेरीत जातो. त्यानंतरही राहिला तर तो बर्न-इन समजा.

ब्राइटनेस तळालाही नेऊ नका. काही ओएलईडी पडदे, विशेषतः फोनचे, उजेड कमी करताना बिंदू फार वेगाने चालू-बंद करतात. ती लुकलुक दिसत नाही, पण काहींना तिने डोके दुखते. काळ्या-पांढऱ्या चकतीतून रंग पाहणाऱ्या फेखनर यांना याचे नवल वाटले नसते. असा त्रास असेल तर ब्राइटनेस मध्यम ठेवून पानाची पार्श्वभूमी गडद करणे हा बरा उपाय. पण ज्यांना दृष्टिवैषम्य आहे त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरे फुटल्यासारखी दिसतात. त्यांनी राखाडी पार्श्वभूमी घ्यावी.

बाकी फेखनर यांचे आयुष्य या एका नियमावर थांबले नाही. लोकांना आयताचा कोणता आकार आवडतो, हे त्यांनी माणसांना विचारून मोजले आणि सौंदर्यशास्त्रातही मोजपट्टी नेली. १८५१ मध्ये त्यांनी आपल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाला पारशी धर्मग्रंथावरून ‘झेंद-अवेस्ता’ हे नाव दिले होते. आत मात्र त्यांचे स्वतःचेच विचार आहेत, सबंध पृथ्वी सजीव आहे असे मानणारे. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी त्याच लाइपझिगमध्ये प्रायोगिक मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हा फेखनर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. उतारवयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, पण लिहिणे सुटले नाही. १८ नोव्हेंबर १८८७ रोजी ते गेले. पुढे बरोबर १०० वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीचे चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी दाबाच्या विजेवर चालणाऱ्या ओएलईडीचा शोधनिबंध छापला.

लाइपझिगच्या रोझेनताल बागेत एक बाक त्यांच्या आवडीचा होता. १८७९ च्या त्यांच्या शेवटच्या काळातल्या पुस्तकाची सुरुवात तिथेच होते. दुखरे डोळे घेऊन ते झुडपांच्या फटीतून समोरच्या हिरव्या कुरणाकडे बघत बसले आहेत, आणि हा हिरवा रंग फक्त आपल्या डोक्यात आहे असे विज्ञान सांगते, ते मानायला तयार नाहीत.